घरच्या भाकरीची सावड

चंपतराव, चंपतरावांचे यशवंतराव, यशवंतरावांचे सुधाकरराव आणि सुधाकररावांचा अमृत. चंपतराव माझे सासरे, यशवंतराव माझे यजमान, सुधाकर माझा मुलगा. या तिघांपैकी कोणीही वावरातल्या राखणीच्या माळ्याहून उंच चढले नाही, आणि त्याची खंतही कोणी केली नाही. अमृतला मात्र मी विमान चालवायला शिकण्यासाठी परदेशी पाठवले. 'मी पाठवले' असेच म्हणते. सुधाकरचा विरोध होता, सुनेने डोळ्यांना पदर लावला होता, आणि पैनगंगेकाठचे वावर विकताना सबरजिस्ट्रारच्या कचेरीत पहिली सही माझी होती.

गावाला वाटले, म्हातारीला हौस आली. हौसेपायी वावर विकणाऱ्यांच्या घरातली मी नव्हे. आमच्या घरावर एक सावड होती.

सावड म्हणजे हातांची उसनवार. आज तुमची माणसे आमच्या वावरात राबली, तर उद्या आमची तुमच्या वावरात. पैशाने ती फिटत नाही. समोरच्याने हाक दिल्याशिवाय फेडताही येत नाही. न बोलावता कोणाच्या बांधावर जाऊन उभे राहणे हा त्याचा अपमान समजतात. आणि ज्याच्या वावरात काम, त्याच्याच घरची भाकरी, हा नियम.

निजामाच्या राज्याच्या शेवटच्या वर्षी रझाकारांच्या भयाने चंपतरावांनी पेरणीच्या तोंडावर बायकामुले बैलगाडीत घातली आणि नदी ओलांडून यवतमाळच्या मुलखात नेली. शेजारचे दादाजी गेले नाहीत. त्यांनी आपल्या वावराबरोबर आमचेही पेरले, डवरले, निंदले, पाखरांपासून राखले. हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले, थंडी पडली, मग चंपतराव परतले. पाहतात तो ज्वारी सोंगून, मळून, आमच्याच कणग्यांत भरलेली. त्या साऱ्या हंगामात दादाजींची माणसे आपल्या घरची भाकरी बांधून आमच्या वावरात आली होती, कारण आमच्या घराला कुलूप होते आणि चूल विझलेली होती. अशी सावड या भागात कोणी ऐकली नव्हती. पोळ्याला तोरणाखालून पहिली जोडी नेण्याचा मान तोवर आमच्या घराचा होता. पुढच्या पोळ्याला चंपतरावांनी भर गावात सांगितले, "दादाजी, तुमची सावड फिटेपर्यंत माझे बैल तुमच्या बैलांच्या मागून जातील."

राज्ये नव्याने आखली गेली, त्या वर्षी मी लग्न होऊन नदीच्या अलीकडे आले. माहेर एका राज्यात राहिले, सासर दुसऱ्यात. पहिल्याच पोळ्याला आमचे सजवलेले बैल मागे उभे पाहून मी यजमानांना कारण विचारले. त्यांनी सांगितले, आणि पुन्हा त्या विषयावर ते कधी बोलले नाहीत. दादाजींच्या घरी पाच मुलगे होते. त्यांना कोणाच्या हातांची गरज पडली नाही, त्यांनी हाक दिली नाही, आणि आमचे बैल मागेच चालत राहिले. चंपतराव गेले. यशवंतराव गेले. मी प्रत्येक पोळ्याला ओट्यावर उभी राहून पाहत आले.

तेलंगण वेगळे झाले त्या वर्षी अमृत निघाला. हैदराबादच्या कॉलेजातून तो बारावी झालेला; विमानाखेरीज त्याला दुसरे काही सुचत नव्हते, पण तसे त्याने कधी तोंडाने मागितले नाही. मागण्याची रीत आमच्या घरात नाही. मीच ओळखले. निरोप द्यायला गाव ओट्यासमोर जमला, त्यात डोमाजीही होते. दादाजींच्या मुलांतले हे शेवटचे राहिलेले. रझाकारांच्या साली आमच्या ज्वारीवर गोफण फिरवणारा पोरगा तो हाच.

"वैनी," ते म्हणाले, "पोरगा इमान चालवनार म्हनता?"

"चालवनार."

"मंग मले एक डाव बसव म्हना त्याले. वरून पाह्यतो तरी आपले दोघाईचे वावरं कशे दिसतात तं! मले फिरवून आनलं का दादाजीची सावड फिटली, जा!"

लोक हसले. मी हसले नाही.

"डोमाजीभाऊ, शब्द देऊन राह्यले तुमी?"

"देला न व! बुढ्याचा शब्द. पन माह्यासंगं माही बकरी बी येईन."

"बकरी खाली राहीन. तुमी बसान."

पुन्हा हशा झाला. त्यांच्या लेखी ती मस्करी होती. मी मात्र तो शब्द पदरात बांधला. साऱ्या गावाच्या साक्षीने आमच्या घराला सुटकेची वाट मिळाली होती, आणि ती अमृतच्या हातून जाणार होती.

मी त्याला समोर बसवून बजावले, "तिथं मास्तर तोच बाप. तो म्हनीन ते खरं. उलटून बोलायचं नाही."

"हो, आजी."

या पोराच्या तोंडून मी दुसरा शब्द ऐकला नव्हता. आमच्या घरात वडीलधाऱ्याला नकार नाही. जेवताना वाढलेले नको म्हणायचे नाही, सांगितलेल्या कामाचे कारण विचारायचे नाही, आणि मोठा चुकत असेल तरी चारचौघांत त्याची चूक दाखवायची नाही. या वळणाचा मला अभिमान होता. आजही आहे.

शाळा दक्षिण आफ्रिकेत होती. हैदराबादच्या एजंटाने दाखवलेल्या फोटोंत पांढऱ्या विमानांची रांग होती. तिथे गेल्यावर अमृतला उडती विमाने दोन दिसली. उरलेली पंखे काढून गवतात उभी होती. शिकायला आलेली मुले मात्र दोन्ही विमानांना पुरून उरतील इतकी. सकाळी मैदानावर जायचे, फळ्यावर आपले नाव शोधायचे, नाव नसले की सावलीला बसायचे. वारा फार, म्हणून उड्डाण नाही. विमान दुरुस्तीला, म्हणून उड्डाण नाही. एक मास्तर नोकरी सोडून गेला, नवा येईपर्यंत थांबा. जेवण, खोली, बसून राहिलेला वेळ, सगळ्याचा आकार चालूच होता.

"अथी बी ज्वारीच आहे, आजी," तो फोनवर सांगे. "पन हे लोकं तिची दारू करतात."

"अन् तू काय करते?"

"वाट पाह्यतो."

मुलगा पहिल्यांदा एकट्याने विमान उडवून सुखरूप उतरला की त्याला मैदानातच पाण्याने भिजवायचे, अशी त्या लोकांची रीत. अमृत फोनवर सांगे की आज या मुलाला भिजवले, काल त्या मुलीला. एकदा मी विचारले, "पानी कोन आनते?" तो म्हणाला, "मीच आनतो, आजी. बादल्या भरून ठेवतो."

दुसरे वर्ष उलटत आले. वावराचे पैसे संपत आले. त्याच्यानंतर आलेली मुले भिजून, परवाने घेऊन परत गेली, आणि हा बादल्याच भरत होता. तेव्हा मी सुधाकरला बाजूला सारून सांगितले की मला त्या मास्तराशी बोलायचे आहे.

एका दुपारी तो योग आला. फोन उभा करून ठेवला होता. पडद्यावर गोरा, उन्हाने करपलेला, पांढऱ्या मिशांचा माणूस, आणि त्याच्या शेजारी अमृत. मास्तराचे इंग्रजी अमृतने मला सांगायचे आणि माझे बोलणे मास्तराला, असे ठरले. मी सुरुवातीलाच आज्ञा केली, "एक शब्द गाळायचा नाही. तुह्या विरुद्ध असला तरी."

"हो, आजी."

मास्तर बोलू लागला. अमृत खाली पाहून सांगू लागला.

"सर म्हनतात, तुमचा नातू हुशार आहे. पुस्तकातलं सगळं येते त्याले. हात बी चांगला आहे."

"मंग?"

"सर म्हनतात… याले मी एकट्याले विमानात बसू देऊ शकत नाही."

"काऊन?"

मास्तर बराच वेळ बोलला. अमृतचा आवाज बदलला नाही, फक्त मान आणखी खाली गेली.

"एक डाव आमी उतरून राह्यलो होतो. खाली पट्टीवर दुसरं विमान उभं होतं. मले दिसलं होतं, आजी. सर म्हनले, चालू दे. मी चालू देलं. शेवटी सरनंच वढून वर घेतलं. ते मुद्दाम म्हनले होते. मी 'नाही' म्हनतो का, हे पाह्याले."

"एकच डाव?"

"लय डाव. एकदा पेट्रोलचा काटा खाली होता. सर म्हनले, पुरते, निंगू. मी निंगालो."

"काटा पाह्यला होता तू?"

"पाह्यला होता."

मी फोनकडे सरळ पाहून म्हटले, "त्याले सांग, आमच्या घरात गुरूले नाही म्हनत नाहीत."

अमृतने सांगितले. मास्तराने टोपी काढून मांडीवर ठेवली आणि हळू बोलला.

"सर म्हनतात, तुमच्या घराचा मले आदर आहे. पन वर मी याचा गुरू नसतो. बाजूले बसलेला, चुकू शकनारा एक मानूस असतो. मी चुकलो तं यानं मले वाचवलं पाह्यजे. हा वाचवनार नाही. माह्यासंगं मरीन." अमृत थांबला.

"गाळू नको."

"अदबीनं मरीन, म्हनतात."

सुधाकर उठून आत गेला. मी उठले नाही.

"विचार त्याले, हे त्याले कधी समजलं?"

अमृतने विचारायला वेळ लावला. उत्तर मात्र लगेच आले. "पह्यल्या महिन्यात, म्हनतात."

"मंग आज काऊन सांगून राह्यला? वावर संपल्यावर?"

या वेळी मास्तर अडखळला. भाषा कळत नसली तरी अडखळणे कळते.

"सर म्हनतात, मी सांगतलं होतं. पन ऑफिस म्हनलं, अजून तास घेऊ द्या, पोरगं सुधरीन. ऑफिसच्या वर मले जाता आलं नाही."

"सांग त्याले, मंग तो बी आमच्याच घरातला निंगाला. मोठ्याले नाही म्हनता आलं नाही त्याले."

अमृतने माझ्याकडे पाहिले. मग जसेच्या तसे सांगितले. त्या माणसाचा चेहरा पडला. तो एकच शब्द बोलला.

"सर म्हनतात, हो."

अमृत परत आला तो उन्हाळा. मी देवळाच्या पारावर सुधाकरकडून निरोप दिला की अमृत पायलट झालेला नाही. ज्याला काही विचारायचे असेल त्याने माझ्याकडे, जयवंताबाईंकडे, येऊन विचारावे. माझ्याकडे कोणी आले नाही. त्यालाच विचारीत राहिले. "काय पायलट, सुट्टीवर आले काय?" "इमान कुठी लावलं, बावा? जिनिंगमधी?" तो उभा राहून ऐकून घेई आणि प्रत्येकाला हो म्हणे.

मला टोमण्यांचे काही नव्हते. माझ्या पदरात बांधलेला शब्द मोडला होता, आणि तो शब्द मोडल्याचे ज्याने दिला त्याला जाऊन सांगणे मला भाग होते. त्याखेरीज आणखी एक गोष्ट घडली होती. डोमाजींचा मुलगा उद्धवराव ट्रॉलीवरून पडला होता. मांडीचे हाड मोडून तो पलंगावर होता, आणि डॉक्टरांनी तो पुरा हंगाम त्याला उभे राहू नको म्हटले होते. पाच भावांच्या वाटण्या होऊन गेल्या होत्या, पुतणे हैदराबाद-नागपूरला गेले होते. एवढ्या वर्षांत त्या घराला पहिल्यांदा हात कमी पडले होते. उद्धवची बायको तुळजा एकटी वखर धरताना मी पाहिली.

मी त्यांच्या ओट्यावर गेले तेव्हा डोमाजी दोर वळीत बसले होते.

"या वैनी, या. इमान आलं काय?"

"येनार नाही. शब्द मोडला. तेच सांगाले आली."

"अवं, मी तं मस्करी केलती!"

"मी नव्हती केली."

मी बसले नाही. उभ्यानेच म्हणाले, "उद्धव पलंगावर आहे. पेरनी तोंडावर आली. हाक द्या."

"कोनाले?"

"आमाले. सावडीची. दादाजीनं आमचा हंगाम केला, अमृत तुमचा करीन. पेरनीपासून कनगी भरेलोक. आपल्या घरची भाकर खाऊन."

डोमाजी मोठ्याने हसले. "पायलटले वखरावर उभा करू? लोकं काय म्हनतीन? माह्या बापानं कोनाले हाक नाही देली. भावाईनं नाही देली. आता मरायच्या वक्ताले मी देऊ?"

"द्या न, मामंजी!" आतून तुळजेचा आवाज आला. पीठ लागलेले हात तसेच घेऊन ती दारात आली. "तुमच्या मानापायी वावर पडित ठेवू काय? का मी एकटीनं तिफन बी धरू, अन् बैल बी हानू, अन् तुमच्या पोराले पानी बी पाजू? द्या हाक!"

"मंग…" डोमाजींनी दोर बाजूला ठेवला. "पाठवा म्हना त्याले उद्या."

"म्हना नाही. हाक द्या."

ते गुडघ्यांवर हात टेकून उठले, ओट्याच्या कडेला आले, आणि आमच्या घराकडे तोंड करून त्यांनी आवाज दिला, "अमृत! बापू, सावडीले ये रे!"

अमृत आमच्या दारात येऊन उभा राहिला. ही हाक ऐकायला चंपतराव नव्हते, यशवंतराव नव्हते. मी एकटीने ऐकली.

तो शेतकऱ्याचा मुलगा, पण लहानपणापासून वसतिगृहात वाढलेला. दोरीने हात सोलले, तण काढणाऱ्या डवऱ्यामागे चालून पाठ धरली. पहिल्या दिवशी संध्याकाळी तो आला तेव्हा मी बांधून दिलेली भाकरी फडक्यात तशीच होती.

"काऊन?"

"डोमाजीआबा म्हनले, तुळजाकाकूनं वाढलं आहे, बस अन् खा."

"अन् तू बसला."

"आबा म्हनले म्हनून."

"त्याईची भाकर खाल्ली म्हनजे त्याईनं आपल्याले पोसलं. आजचा दिवस सावडीत धरला जानार नाही."

दुसऱ्या दिवशी उजाडण्याआधी जाऊन त्याने आदल्या दिवसाइतके वावर पुन्हा भरून काढले. दुपारी डोमाजींनी पुन्हा बोलावले. पुढचे मला तुळजेने सांगितले. ती ताट घेऊन उभी होती. डोमाजी म्हणाले, "बस रे बापू. काल गोड नाही लागली काय तुळजेच्या हातची?" पोरगा उभाच राहिला.

"बस म्हनलं न!"

"नाही, आबा."

"काय म्हनलं?"

"नाही. मी तुमच्या घरची खानार नाही. खाल्ली तं फिटत नाही."

"आयकलं काय व, तुळजे? मले नाही म्हनते हे पोट्टं!" डोमाजी रागावले का चकित झाले, ते तुळजेलाही कळले नाही. अमृत बांधावर जाऊन बसला, त्याने आपले फडके सोडले आणि एकटाच जेवला. भाकरी दोनदा मातीत पडली, म्हणे.

तुळजेला वाटले मी सुखावेन. मी सुखावले नाही. ज्या एका शब्दासाठी त्या माणसांनी याला दोन वर्षे सावलीला बसवले, तो शब्द याच्या तोंडून निघाला, आणि निघाला तो ज्वारीच्या भाकरीवर. वावर विकून तो शिकायला मी याला पाठवले होते. तो इथे, दोन बांध पलीकडे, फुकट मिळाला.

पोळा आला. डोमाजींनी निरोप पाठवला की यंदा तुमची जोडी पुढे घ्या. मी उलट निरोप दिला की अर्धी सावड फिटत नसते. जोडी मागूनच गेली.

भादव्यात कणसे भरली आणि पाखरे उतरली. अमृत दिवसभर माळ्यावर उभा राहू लागला. आता गावाला नवे खेळणे मिळाले. वाटेने जाणारा प्रत्येक जण मान वर करून ओरडे, "पायलट! किती उंचीवर हाये?" "खाली उतराले परवानगी घेतली काय?" पूर्वी तो हो म्हणत असे. आता गोफणीचा दगड त्यांच्या डोक्यावरून सणसणत जाई, आणि ते पळत. मी हे ऐकले तेव्हा पहिल्यांदा त्याला रागावायचे विसरले.

त्या दसऱ्याला आमच्या जिल्ह्याचे चार तुकडे झाले. आमचे गाव आदिलाबादेतच राहिले. वांकिडीला दिलेली माझी बहीण एका रात्रीत दुसऱ्या जिल्ह्याची झाली. लग्नानंतर मी जागची हलले नाही, आणि माझ्याभोवतीच्या सीमा मात्र कोणी ना कोणी हलवीत आले. सोने द्यायला अमृत माझ्या पाया पडला, तेव्हा मी त्याला माझा निर्णय सांगितला.

"सावड फिटत आली. टेकडीकडचं वावर इकते. दुसरी शाळा पाह्यली आहे सुधाकरनं. आता तुले 'नाही' म्हनता येते. जा, अन् पुरं करून ये."

तो उठून उभा राहिला. आपट्याची पाने त्याच्या हातातच होती.

"नाही, आजी."

सुनेने कढईतला झारा तसाच धरून ठेवला.

"भेव वाटते?"

"नाही. आता बसलो तं चालवीन मी विमान. सर चुकले तं सांगीन बी. पन वावर इकून नाही जानार. अन् तुमी इकलं तरी नाही जानार."

"मी सांगून राह्यली, अमृत."

"आयकलं, आजी. नाहीच."

त्याने पाने माझ्या पायांजवळ ठेवली, पुन्हा वाकून नमस्कार केला, आणि ज्वारी राखायला निघून गेला. आवाज चढला नव्हता. अदब तिळभर कमी नव्हती. सुधाकर त्याच्या मागे जाऊ लागला, त्याला मी थांबवले. एकदा नकार मिळाल्यावर मी पुन्हा विचारीत नाही. टेकडीकडचे वावर राहिले. दुसऱ्या शाळेचे कागद सुधाकरने कुठे ठेवले, ते मी विचारलेले नाही.

सोंगणीच्या दिवसांत मोठ्या नोटा बंद झाल्या. मजुराच्या हातावर ठेवायला कोणाकडे काही उरले नाही. गावोगाव कापूस बोंडांत अडकून राहिला, सोंगण्या खोळंबल्या. डोमाजींची ज्वारी मात्र अडली नाही. सावडीला नोट लागत नाही. अमृतने सोंगली, पेंढ्या बांधल्या, खळ्यावर आणल्या. थ्रेशरवाला रोख मागत होता आणि ती नव्हती, म्हणून बैल फिरवून मळणी झाली. रझाकारांच्या साली झाली होती तशीच, असे डोमाजीच म्हणाले.

शेवटची टोपली अमृतने स्वतः डोक्यावर नेऊन त्यांच्या कणगीत ओतली. मी खळ्यावर बोलावल्याखेरीज गेले नव्हते. डोमाजींनी तुळजेला पाठवून मला नेले. गावातली जुनी माणसे जमली होती. उद्धवराव काठीवर रेलून उभा होता.

"आयका रे," डोमाजी म्हणाले, "दादाजीची सावड जयवंतावैनीच्या घरानं फेडली. आमच्या घरची भाकर न खाता फेडली."

"एक दिवस खाल्ली होती, आबा," अमृत म्हणाला.

"तो दुसऱ्या दिवशी भरून देला तू. मी पाह्यलं न, बापू, अंधारात." डोमाजींनी हात जोडले. "फिटली, वैनी."

"पुरी?"

"पुरी. आता काहीच नाही राह्यलं."

माणसे पांगली. अमृतने बैल सोडले आणि त्यांना पाण्यावर नेले. माझ्याबरोबर तो आला नाही, आणि मीही त्याला बोलावले नाही. मी एकटी घरी आले. आता या गावात मी कोणाचे काही लागत नाही.